मनोरा वगळून सगळं गाव

१२ एप्रिल २०१५, तोक्यो

ताईस नमस्कार.

पत्र हवापाण्याने सुरू करायची आपली रीत आहे. पण चेरीची फुलं गळून गेली हे तुला मी कळवायला नको, आणि चार वर्षांनी लिहिणाऱ्या भावाने फुलांच्या गप्पा मारणं जरा लबाडीचंच. त्सुनामीच्या लाटेच्या वर्षी तू सुतकाचं कार्ड पाठवलंस, नववर्षाच्या शुभेच्छा यंदा नकोत म्हणून. त्यानंतर तुझ्याकडून काही आलं नाही. सुतक अजून चालू असेल असं धरून मीही गप्प बसलो. मला ते सोयीचं होतं.

आज लिहितोय ते कामासाठी. मी आपल्या नागिहामाची प्रतिकृती करतोय. बंदरापासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंतची बाजारगल्ली, लाटेच्या आधी होती तशी, पंचविसाव्या हिश्शात. स्मारकासारखं काहीतरी आहे. व्यापारी संघाचा हाताकेयामा त्याच्या मागे आहे. तो अजून तसाच. फोनवर म्हणाला, "केइगो, आयुष्यभर परक्यांची शहरं बांधलीस, मग आपल्या गावाने काय घोडं मारलंय?" राक्षसांच्या सिनेमाचं काम हल्ली कमीच असतं, सगळं कॉम्प्युटरवर होतं, त्यामुळे मलाही वेळ आहे.

अडचण अशी की मी अठराव्या वर्षी गाव सोडलं. गल्लीतले वास आठवतात, रंग आठवत नाहीत. तुमच्या तोफूच्या दुकानाचं शटर कुठल्या रंगाचं होतं? दारात काय ठेवलेलं असायचं? तुमच्या शेजारी न्हावी होता की भांडीवाला? तुला त्रास होणार असेल तर राहू दे. घाई नाही. म्हणजे मे संपायच्या आत कळलं तर बरं.

तुझा,
केइगो

६ मे

ताई,

एका कार्डाची आशा नव्हती आणि तू पाच पानं लिहिलीस. वर वाकामेचं पुडकं. या वर्षीचं शेवाळ चांगलं निघालं, तू पहाटेपासून शेडमध्ये देठ सोलत बसतेस, बोटं हिरवी झालीत, हे सगळं वाचलं. वाकामे त्याच दिवशी मिसोच्या सारात घातलं.

शटर हिरवं आणि खालचा हातभर भाग खाऱ्या वाऱ्याने पांढरा, हे तू लिहिलंस आणि मला एकदम सगळं दुकान दिसलं. शाळेतून येणारी पोरं गरम सोयादूध पीत बसायची तो बाक. न्हाव्याचा उलटा फिरणारा खांब. तूच लिहिलंयस की हे लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं आणि हसूच आलं. ते वाक्य मी दोनदा वाचलं, मग पत्र घडी करून ठेवलं.

तुटलेली पन्हाळ जाळ्याच्या दोरीने बांधलेली होती, तेही केलं. बाक बसवला. तू विचारतेस, घरं कशाची करतोस? प्लॅस्टरची. पातळ कालवून. जाड केलं की जड होतं म्हणून.

एक लक्षात आलं. न्हाव्यापर्यंत सगळं लिहून तू एकदम मासळीबाजारापासून पुढे सुरू केलंस. मधला चौक सोडलास. मला समजलं. मी विचारणार नाही.

केइगो

२ जून

ताई,

फुलं आणू नकोस.

तुझं पत्र काल आलं. तू आणि शेजारच्या किकुएकाकू, दोघी मिळून येणार. प्रतिकृतीसमोर उदबत्ती लावायला जागा असेल ना, असं विचारलंस. आता खरं लिहितो. हे आधी लिहायला हवं होतं, पण तुझी पत्रं येत होती आणि ती थांबावीत असं मला वाटत नव्हतं. भाऊजींनंतर माझं म्हणावं असं तूच एक उरली आहेस. तेही मी खोटं बोलून परत मिळवत होतो.

ते स्मारक नाही. सिनेमा आहे. राक्षस समुद्रातून वर येतो, आपल्या बाजारगल्लीतून चालत जातो आणि त्याच्यामागे गल्ली उरत नाही. निइमी म्हणून दिग्दर्शक आहेत, त्यांना सगळं जुन्या पद्धतीने हवंय: रबराच्या पोशाखातला माणूस आणि प्लॅस्टरची घरं. पाय पडला की घर कोरड्या बिस्किटासारखं मोडावं म्हणून प्लॅस्टर पातळ. भिंतींना आतून करवतीने चिरा देऊन ठेवतो, म्हणजे हवं तिथेच तुटतं. सगळ्यात जास्त चिरा मी तुमच्या दुकानाला दिल्यात, कारण पहिलं पाऊल तिथेच पडणार आहे.

हे निइमींच्या डोक्यातून निघालेलं नाही. गावानेच मागितलं. हाताकेयामा सूटबूट घालून, स्वतःच्या दुकानातल्या फिशकेकचा खोका घेऊन स्टुडिओत आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "साहेब, या देशात राक्षसाने पाडला नाही असा किल्ला उरला नाही, पूल उरला नाही. ज्याला तो पाडतो त्याचा धंदा वाढतो म्हणतात. आमचं गाव तेवढं फुकटात पडलं. एकदा तिकीट लावून पाडा." हसावं की नाही कुणालाच कळेना. मग तो हळूच म्हणाला, "पाडायच्या आधी मिनिटभर नीट उभं दिसेल ना? तेवढंच पाहिजे."

म्हणून मी हो म्हटलं. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

माझ्या गुरूंनी लहानपणी, महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात, तोक्यो जळताना पाहिलं होतं, कालव्यात गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून. मोठेपणी त्यांनी तेच शहर प्लॅस्टरचं करून जाळलं, आणि लोक रांगा लावून बघायला आले. "राक्षस निमित्ताला असतो रे," ते म्हणायचे. "आगीवर चिडता येत नाही. हरल्यावर विमानांवर चिडायची सोय नव्हती. मग लोकांना चिडायला एक थोबाड दिलं, बस." हे त्यांचं बोलणं मी पुढे मुलाखतींत माझं म्हणून खपवलं. तेव्हा वाटायचं मला ते कळलंय.

ताई, आता याहून वाईट. अभ्यासासाठी मला त्या दिवसाची चित्रफीत दिली, टेकडीवरच्या शाळेतून कुणीतरी काढलेली. मी बघत बघत टिपणं काढत होतो. आम्ही इतकी वर्षं चुकीचं करत आलो होतो: घरं फुटत नाहीत, ती उठून चालू लागतात. छप्पर शेवटपर्यंत शाबूत राहतं. पाण्याच्या पुढे पिवळी धूळ चालते. असं लिहीत असताना तुमचं छप्पर आलं. मी ओळखलं. आणि चित्रफीत मागे नेऊन पुन्हा पाहिली, कारण वळणावर ते कसं कलतं हे पहिल्यांदा नीट दिसलं नव्हतं. मग पुन्हा. माझ्या बहिणीचं घर वाहून जाताना मी पुन्हा पुन्हा पाहत होतो आणि काम जमतंय म्हणून खूश होतो. जेवायच्या सुट्टीत भूकही लागली.

एक गोष्ट मात्र तुझा विचार करून केली. चौकातला घंटेचा मनोरा आम्ही केला नाही. वीज जाऊन इशाऱ्याचे भोंगे बंद पडल्यावर भाऊजी ज्यावर चढून हाताने घंटा वाजवत राहिले, तो मनोरा पायाखाली जाताना तुला, किंवा कुणालाच, दिसू नये म्हणून. मी सुचवलं आणि सगळ्यांनी लगेच मान्य केलं. हाताकेयामा म्हणाला, "बरोबर. सुमिएचं मन जपायला हवं." तिथे आम्ही सायकली लावायची जागा दाखवलीय. गावात चौकशी केली, कुणाचीही हरकत नाही.

चित्रीकरण ७ जुलैला आहे. येऊ नकोस असं म्हणायचा मला अधिकार नाही. ये म्हणायचं तोंड नाही.

केइगो

२० जून

ताई,

तुझं उत्तर नाही. मी ते मागतही नाही.

हाताकेयामाला फोन केला. तो म्हणाला, "माझ्याशी पण बोलत नाही. फिशकेक घेते, पैसे ठेवते, चालायला लागते. तू तिला सांगितलंस कशाला? सिनेमा झाल्यावर सांगायचं ना, गोड बोलून." मी म्हटलं, ती उदबत्ती घेऊन येणार होती. तो म्हणाला, "मग बरं केलंस. पण काय रे तू, एक खोटं बोललास तेही धड निभावता आलं नाही."

गल्ली पूर्ण झाली आहे. लोक येतात, वाकून बघतात, वा वा म्हणतात. कुणी शाबासकी दिली की मी ब्रश धुवायला निघून जातो.

केइगो

९ जुलै

ताई,

तू आलीस हे मला अजून खरं वाटत नाही. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण परवा मला धड काही बोलता आलं नाही.

तुम्ही दोघी दारात दिसलात तेव्हा निइमींनी सगळ्या दिवेवाल्यांना बाहेर पाठवलं. तू चपला काढल्यास. खरं तर तिथे कुणीच काढत नाही. गुडघ्यावर बसून तू बंदराच्या टोकापासून बघत बघत पुढे सरकत गेलीस. बाकापाशी थांबलीस आणि किकुएकाकूंना म्हणालीस, "बघा, पोरांनी सांडलेल्या दुधाचा डाग पण रंगवलाय मेल्याने." मला एवढं बरं वाटलं की लाज वाटली. न्हाव्याचा खांब तू फुंकर मारून फिरवलास. मग चौकात आलीस.

"इथे काय आहे?"

"सायकली," मी म्हटलं.

"इथे सायकली कधी होत्या?"

चित्रीकरण बघायला आलेला हाताकेयामा छताकडे बघायला लागला. मी काहीतरी पुटपुटलो, तुला त्रास नको म्हणून, वगैरे. तू उठलीस. तुझा आवाज चढला नाही, हे मला जास्त लागलं.

"चार वर्षं झाली. मी चहाला बसले की बायका विषय बदलतात. शेडमध्ये कुणी घंटा हा शब्द काढत नाही. टपालवाल्यासकट सगळे म्हणतात, तात्सुरोसान अजून सापडले नाहीत. जसे काही चष्मा शोधायला गेलेत. आणि आता तुम्ही त्यांच्या पायाखालचा मनोराही काढून घेतलात." मग तू हाताकेयामाकडे वळलीस. "पाण्याने माझ्या नवऱ्याला एकदाच नेलं. तुम्ही सगळे मिळून रोज नेता, आणि वर माझं मन जपता."

हाताकेयामा रडायला लागला. तू त्याला रुमाल दिलास, तोही जरा रागातच.

नंतर तू मला जे सांगितलंस ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे माझी पळवाट बंद होईल. तू देवळाच्या पायऱ्यांवरून पाहिलं होतंस. घंटा चालू होती. मनोरा आधी खाली बसला, मग आडवा झाला. हे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस, कारण कुणी विचारलं नाही. मीही नाही. "तो मनोरा कर," तू म्हणालीस. "आणि पाड. तुमचं ध्यान सगळं पाडणार आणि तेवढाच सोडणार असेल तर मग सिनेमा कशाला? मला बघवणार नाही, मी येणार नाही. पण कसा पडला ते लिही. खरं लिही, केइगो. नेहमीसारखं नको."

निइमींनी चित्रीकरण पंधरा दिवस पुढे ढकललं. मी उद्यापासून लागतो.

केइगो

३० जुलै

ताई,

तू खरं लिही म्हणालीस.

मनोरा केला. लोखंडी पट्ट्यांचा भास होईल असा, लाकडाचा, शिडी आणि छपरासकट. तुझ्या आठवणीवरून घंटेची दोरी मागच्या बाजूला. माझ्या हातून इतकं चांगलं काम झालेलं नाही, हे सगळे म्हणाले आणि मलाही तसंच वाटलं.

२२ तारखेला चित्रीकरण झालं. राक्षसाच्या पोशाखात ओबा असतो. आतून त्याला जवळजवळ काही दिसत नाही, तो पावलं पाठ करून चालतो. पहिलं पाऊल तुमच्या दुकानावर पडलं. मी ठरवलं होतं तसंच ते गेलं, शटर आधी, मग छप्पर. न्हावी गेला. धूळ उठली. ओबा चौकात आला, त्याने मनोऱ्याला खांदा दिला, आणि मनोरा पडला नाही. त्याने पुन्हा धक्का दिला. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला. मनोरा थोडा हलला आणि उभा राहिला. ठरलेल्या जागी पुढचं पाऊल टाकावंच लागतं, नाहीतर सगळं फसतं. म्हणून ओबा त्याच्या बाजूने पुढे निघून गेला. गल्ली संपली, आणि धुळीत मनोरा तेवढा उरला.

पोशाख उतरवल्यावर ओबाला हात वर करता येईना. खांदा निखळला होता. तो मलाच म्हणाला, "माफ करा ओनोदेरासान, माझाच जोर कमी पडला."

ताई, त्याचा जोर कमी पडला नव्हता. मनोऱ्याच्या पायांना मी चिरा दिल्या नव्हत्या. करवत हातात घेतली होती, पहिल्या पायाला लावलीही होती. भाऊजी वर उभे आहेत असं वाटलं आणि हात चालेना. करवत ठेवून दिली आणि घरी गेलो. कुणाला सांगितलं नाही. पडेल आपोआप, अशी मनाची समजूत घातली.

आता त्यानंतरचं, जे मला लिहायला जास्त जड जातंय. दिवे लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निइमी म्हणाले, याहून चांगलं दृश्य आपल्या हातून होणार नाही, हेच ठेवायचं, जाहिरातीतही हेच. हाताकेयामाने मला मिठी मारली. तो हुंदके देत म्हणत होता, "पडला नाही रे, बघ, पडलाच नाही." आणि मी काय केलं? वाकून सगळ्यांचे आभार मानले. ओबा दवाखान्यात होता आणि मी आभार मानत होतो. घरी जाताना मनात एवढंच होतं की तुला लिहावं, ताई, तो उभा राहिला. तुलाही बरं वाटेल. पत्र लिहिलंही. ते फाडलं.

दुसऱ्या दिवशी आधी ओबाकडे गेलो, चूक कुणाची होती ते सांगितलं आणि जमिनीला डोकं टेकवलं. तो म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तर मी हळू ढकललं असतं." तिथून निइमींकडे गेलो.

"तुम्हाला कळतंय ना, लोकांना हे बघून धीर येईल?" ते म्हणाले.

"येईल. पण ते खोटं आहे."

"ओनोदेरा, आपल्याकडे रबराचा राक्षस आहे."

"राक्षस खोटा चालतो, साहेब. ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांनाही चालतो. पण मनोरा पडला होता, आणि पडताना बघणारी बाई अजून आहे."

त्यांनी चहाचा कप उचलला, तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "हाताकेयामांना कोण सांगणार?"

मी सांगितलं. त्याने फोन आपटला. गावात मला आता कुणी फिशकेक विकणार नाही असं दिसतंय.

काल मनोरा पुन्हा उभा केला, मोडक्या गल्लीच्या मागे, फक्त तेवढंच दृश्य घेण्यासाठी. या वेळी चिरा मी स्वतः दिल्या, चारही पायांना, सगळ्यांसमोर. ओबाऐवजी दुसरा माणूस पोशाखात होता. त्याने खांदा लावला आणि मनोरा पडला. तू सांगितलंस तसाच. आधी खाली बसला, सावकाश, वाटलं आता थांबेल. मग समुद्राकडे पाठ करून आडवा झाला. घंटा सुटून दूर गेली आणि एका पडलेल्या भिंतीला लागून थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निइमींनी दिवे बंद करायला सांगितलं आणि सगळे जेवायला गेले. मी नळाखाली तोंड धुतलं आणि मग बराच वेळ रडलो.

ओबोनला पितरं घरी येतात म्हणून दारात कंदील लावतात. चार वर्षं तू तो लावला नाहीस, कारण आम्ही सगळ्यांनी मिळून भाऊजींना अर्धवट जिवंत ठेवलं होतं, आणि बेपत्ता माणसाला परत बोलवायला कंदील कसा लावायचा? मी तेरा ऑगस्टला दुपारच्या गाडीने येतोय. तू बोलावलेलं नाहीस हे मला माहीत आहे.

तात्सुरो भाऊजी मेले, ताई. घंटा वाजवता वाजवता बुडून मेले. चार वर्षांत हे मी तुला एकदाही म्हटलं नाही. दारात उभा राहून आधी हेच म्हणेन, तोंडाने. मग मला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव.

केइगो